मावशीचं विलायती चीट

कापडाच्या दुकानाबद्दल बायकांचं मत कसं बनतं, यावर अजून कुणी प्रबंध लिहिलेला नाही, हे एका परीनं बरंच झालं. कुणा पुरुषानं लिहायला घेतला असता तर भाव, पोत, रंग आणि टिकाऊपणा अशी चार प्रकरणं पाडून तो मोकळा झाला असता, आणि चारही प्रकरणांत त्याचा नेम चुकला असता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी साड्यांचं एक दुकान होतं. माझी आई त्याला ‘आपलं दुकान’ म्हणायची. मी ‘आईचं दुकान’ म्हणत असे. माझी मुलगी ‘ते जुनं दुकान’ म्हणायची आणि पलीकडच्या फुटपाथवरून जायची. न जाणो, कुणी आत बोलावलं तर! तिघींच्या काळात दुकानातली गादी तीच, गादीवरची पांढरी चादर तीच, आणि ‘ताई, हा रंग तुम्हाला उठून दिसेल’ हे वाक्यही तेच.

दुकानाबद्दलचं मत असं पिढीगणिक कसं फिरतं, हे मी एका दुकानाच्या बाबतीत अगदी जवळून पाहिलं आहे. जवळून म्हणजे साडेचार हजार मैलांवरून. दुकानाचं नाव लॉरा ॲशली. मी स्वतः तिथून एक हातरुमालसुद्धा विकत घेतलेला नाही. पण माझी मावशी १९६७ साली लग्न होऊन इंग्लंडला गेली, आणि तेव्हापासून या दुकानाच्या तब्येतीची खबर आमच्या घरी नात्यातल्या माणसासारखी येत राहिली.

काका तिकडे डॉक्टर होते. गाव उत्तरेकडचं, पाऊस बारमाही. मावशीनं बरोबर बावीस साड्या नेल्या होत्या. पहिल्याच हिवाळ्यात तिच्या ध्यानात आलं, की बर्फ विरघळल्यावर जो काळा चिखल होतो त्याचा विचार करून पाचवारी साडी निर्माण झालेली नाही. काठ वीतभर भिजायचा, भिजून पायाला चिकटायचा, आणि वरून जाड कोट चढवला की ‘मी खिडकीच्या पडद्याला कोट घातल्यासारखी दिसते’ असं तिनं आजीला लिहिलं होतं. तिला गावच्या वाचनालयात नोकरी लागली. पुस्तकांच्या शिडीवर चढायचं, उतरायचं. काका म्हणाले, स्कर्ट घाल.

काकांना बोलायला काय जातंय! ते दिवस मिनीस्कर्टचे. स्कर्टची कड दर वर्षी एकेक इंच वर चालली होती, आणि ती नेमकी कुठे थांबणार याची काळजी तिकडच्या पाद्रीबुवांपासून आमच्या आजीपर्यंत सगळ्यांना लागून राहिली होती. मावशी सदाशिव पेठेत वाढलेली. गुडघा हा अवयव तिच्या मते फक्त डॉक्टरला दाखवायचा, आणि तो डॉक्टर घरचा असला तरी दुखत असेल तरच.

अशी चार वर्षं काढल्यावर १९७१ साली तिचं एक पत्र आलं. निळं, तीन घड्यांचं, कडेकडेनंसुद्धा लिहिलेलं. ‘आई, लंडनला गेलो होतो तेव्हा एका दुकानात लांब बाह्यांचे, पायघोळ झगे मिळाले. सुती आहेत. अंगभर बारीक फुलं. गळा बंद. खाली बूट घातले तरी कुणी हसत नाही, कारण सगळ्या मुली तसेच घालतात. इथल्या लोकांना शेवटी अक्कल आली.’ आजीनं हे शेवटचं वाक्य मोठ्यानं दोनदा वाचायला लावलं.

आता हे झगे काढणारी बाई कोण, ते सांगायला हवं. लॉरा मूळची माउंटनी. १९२५ साली वेल्समधल्या डाउलाइस गावी जन्मली, वाढली लंडनला. महायुद्धात नौदलाच्या महिला दलात होती. १९४९ साली बर्नार्ड ॲशलीशी लग्न झालं. त्या काळात ती विमेन्स इन्स्टिट्यूटच्या मध्यवर्ती कचेरीत सेक्रेटरी होती. ही संस्था म्हणजे आपल्याकडच्या महिला मंडळांची थोरली जाऊ. मुरंबे, भरतकाम, व्याख्यानं आणि चहा. या संस्थेनं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये हस्तकलेचं प्रदर्शन भरवलं होतं. ते पाहून लॉराच्या मनात आलं, की आपणही तुकडे जोडून एक गोधडी शिवावी. त्यासाठी जुन्या वळणाचं, बारीक फुलांचं कापड शोधायला ती बाजारात गेली, तर ते कुठेच मिळेना. आपण काय केलं असतं? दुकानदाराला चार शब्द ऐकवून रिकाम्या पिशवीनं घरी आलो असतो. तिनं घरी येऊन कापडच छापायला घेतलं.

साल १९५३. लंडनच्या पिम्लिको भागातला लहानसा फ्लॅट, त्यातलं स्वैपाकघरातलं टेबल, आणि भांडवल १० पौंड. त्यात छपाईच्या चौकटीसाठी लाकूड, रंग आणि थोडं लिननचं कापड आलं. त्याच साली ‘रोमन हॉलिडे’ हा चित्रपट लागला होता. ऑड्री हेपबर्नचा रुमाल पाहून जगातल्या यच्चयावत मुलींची समजूत झाली, की रुमाल बांधला की ग्रेगरी पेक भेटतो. ॲशली नवराबायकोनं रुमाल छापले आणि ते हातोहात गेले. जॉन लुईससारख्या बड्या दुकानानंही मागवले. मग टेबलावर घालायचे तुकडे, मग कपबश्या पुसायची फडकी. नवऱ्यानं नोकरी सोडली आणि तो छपाईच्या यंत्रामागे लागला. कंपनीला बायकोचं नाव द्यायचं हेही त्याचंच म्हणणं, कारण असल्या मालावर बाईचंच नाव शोभतं. आपल्याकडे बायकोचं नाव फार तर बंगल्याला मिळतं, नाही तर टेंपोला. पुढे सरकारनं लॉराला किताब देऊ केला, तेव्हा नवऱ्याला नाही तर मलाही नको, म्हणून तिनं तो परत केला. नवऱ्याला ‘सर’ ही पदवी मिळाली १९८७ साली. तोवर ती राहिली नव्हती.

१९६१ साली त्यांनी वेल्समध्ये पहिलं दुकान काढलं. त्या गावाचं नाव मखन्लेथ असं काहीसं उच्चारतात. मावशी सरळ माखनलेथ म्हणायची आणि तिकडे लोणी चांगलं मिळत असणार असं आजी धरून चालायची. दुकानात कापडाशेजारी गावचा मध आणि फिरायला न्यायच्या काठ्याही विकायला ठेवलेल्या असत. कारखाना जवळच कार्नो या खेड्यात. सरकारनं तिथलं रेल्वे स्टेशन बंद केलं, तर यांनी त्या स्टेशनात कापड छापायला सुरुवात केली. आसपासच्या शेतकऱ्यांच्या बायका शिवणयंत्रावर बसल्या. आठवडा साडेचार दिवसांचा, म्हणजे शनिवार-रविवार घरच्या माणसांना पुरेसा मिळावा. असला मालक पाहिजे असं माझी आई म्हणायची. ती बँकेत होती.

लंडनमधलं पहिलं दुकान १९६८ साली साउथ केन्सिंग्टनमध्ये निघालं, आणि १९७० साली फुलहॅम रोडवर दुसरं. या फुलहॅम रोडवरच्या दुकानात एका आठवड्यात ४,००० फ्रॉक खपल्याचं सांगतात. मावशी गेली ते याच दुकानात. तिथली गर्दी पाहून काका बाहेरच थांबले. रेशनला साखर आली काय, असं त्यांनी एका इंग्रज गृहस्थाला विचारलं म्हणे. त्यांचीही बायको आतच होती.

बरं, गर्दी करणाऱ्या या मुली काही मावशीसारख्या सदाशिव पेठेतल्या नव्हत्या. त्यांच्या आया कंबर आवळणारे कपडे घालत आल्या होत्या, आणि त्या स्वतः पाच-सहा वर्षं उघड्या पायांनी थंडीत बसची वाट पाहून गारठल्या होत्या. त्यांना या झग्यात काय सापडलं असेल ते मावशीनं एका वाक्यात सांगितलं: ‘हा घालून जमिनीवर मांडी घालता येते.’ गवतावर बसा, सायकलवर बसा, पोर कडेवर घ्या, आणि बघणारा कुठे बघतोय याचा हिशेब ठेवू नका. झगा दिसायला आजीच्या काळातला, राणी व्हिक्टोरियाच्या वेळच्या रात्रीच्या कपड्यांच्या वळणाचा. घालणारीला मात्र त्यात मोकळं वाटायचं. काही बायकांना तेव्हाही ते पटलं नव्हतं. आम्ही घराबाहेर पडायला धडपडतोय आणि तुम्ही आम्हाला गवळणीचा वेष देताय, असा त्यांचा आक्षेप होता. तो अगदीच खोटा म्हणता येणार नाही. कुणाला त्या झग्यात सुटका दिसली, कुणाला चूल. कापड एकच होतं.

१९७४ साली मावशी पहिल्यांदा घरी आली. त्याच साली दुकान पॅरिसला आणि अमेरिकेत सान फ्रान्सिस्कोला पोचलं होतं. आमच्या वाड्यात ते मावशीच्या बॅगेतून पोचलं. माझ्यासाठी एक झगा होता. तपकिरी जमीन, त्यावर पांढरी बारीक फुलं, मनगटाशी चुण्या. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. विलायतेचा फ्रॉक म्हटल्यावर वाड्यातल्या दहा बायका बघायला जमल्या. आजीनं चष्मा लावला, कापड दोन बोटांत धरून कुस्करलं, उलटं करून पाहिलं, आणि म्हणाली, “अगं, हे तर आपलं चीट! मी लहानपणी याचेच परकर घालत होते. एवढ्या लांबून चीट आणलंस होय?”

मावशीचा चेहरा पडला. चीट म्हणजे आमच्याकडे अगदी साधं, रोजचं छापील कापड. चिटाचा परकर घालून कुणी लग्नाला जात नाही. मावशी दोन दिवस आजीशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. पण आजीचं म्हणणं इतिहासाला धरून होतं, हे पुढे वाचताना मला कळलं.

इंग्रजीतला ‘चिंट्झ’ हा शब्द आपल्या चीट-छीट या शब्दावरूनच गेला. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मच्छलीपट्टणकडचं, म्हणजे कोरोमंडल किनाऱ्यावरचं, रंगवलेलं सुती कापड लंडनला जाऊ लागलं. धुतलं तरी रंग जाईना, हे तिकडच्या लोकांना नवल होतं. सॅम्युअल पेपिस नावाचा एक रोजनिशी लिहिणारा सरकारी अधिकारी होऊन गेला. त्यानं १६६३ साली बायकोच्या अभ्यासिकेच्या भिंतींना लावायला हे चीट विकत घेतल्याची नोंद आहे. म्हणजे आधी ते भिंतीवर चढलं, अंथरुणावर पसरलं, मग मोलकरणींच्या अंगावर आणि तिथून मालकिणींच्या. डॅनियल डीफोनं १७०८ साली तक्रार केली, की जे कापड सतरंजी नि पांघरूण म्हणून येत होतं ते आता बायांच्या पाठीवर आलं, आणि राणीसुद्धा तेच घालते! ‘पडद्याचं कापड अंगावर घालून फिरतात’ हे वाक्य आपल्या आत्याबाईंनी शोधून काढलेलं नव्हे. त्याला तीनशे वर्षांची परंपरा आहे.

तिकडचे लोकर-रेशमाचे विणकर चिडले, कारण त्यांच्या पोटावर पाय आला. १७०० साली छापील हिंदी कापड इंग्लंडात वापरासाठी आणायला कायद्यानं बंदी झाली. तरी बायका ऐकेनात. १७१९ साली लंडनमध्ये विणकरांच्या टोळ्या रस्त्यात बायकांना गाठून अंगावरचं चीट फाडू लागल्या, त्यावर तेजाब टाकू लागल्या. एका फुलाफुलांच्या कापडापायी! आणि सरकारनं काय केलं? १७२१ साली असलं कापड अंगावर घालणंच गुन्हा ठरवला. घालणारीला दंड ५ पौंड, विकणाऱ्याला २०. हे १७७४ पर्यंत चाललं. तोवर इंग्रज स्वतः सुती कापड विणायला आणि छापायला शिकले होते, आणि पुढच्या शतकात मँचेस्टरचं छापील कापड ताग्यांनी आपल्याकडे येऊ लागलं. आजीच्या लहानपणीचं चीट बहुधा तेच असणार. म्हणजे आजी ज्याला ‘आपलं’ म्हणत होती ते विलायती होतं, आणि मावशी ज्याला ‘विलायती’ म्हणत होती ते मुळात आपलं. मी हे दोघींना समजावून सांगितलं. दोघींनाही पटलं नाही.

मावशीच्या १९८४ सालच्या भेटीत आणखी एक घोटाळा झाला. तोवर आपल्याकडे गाऊन आला होता. फुलाफुलांचा, पायघोळ, सुती. सोसायट्या-सोसायट्यांतून बायका त्यात राज्य करीत होत्या. मावशी आपला ठेवणीतला लॉरा ॲशली घालून, गळ्यात मोत्याचा सर अडकवून देवळात निघाली, तर माझी आई, म्हणजे तिची थोरली बहीण, दारात आडवी. “अगं, गाऊन बदल आधी! असं काय रस्त्यावर जातेस?” हे सांगणारी आई स्वतः रोज सकाळी गाऊनवर टॉवेल टाकून दूध आणायला जायची, ती गोष्ट वेगळी. टॉवेल होता ना!

तिकडे मात्र त्या काळात दुकान अगदी भरात होतं. १९८१ साली डायनाचं लग्न झालं आणि गळ्याशी झालर, फुगीर बाह्या, थोडंसं लाजणं हे सगळं एकदम खानदानी ठरलं. पूर्वी कॉलेजच्या पोरी जायच्या त्या दुकानात आता मोटारीतून बायका येऊ लागल्या. नुसते फ्रॉक नव्हेत. त्याच फुलांचे पडदे, त्याच फुलांचे अभ्रे, भिंतीला लावायचा कागदसुद्धा तोच. मावशीच्या शेजारणीनं सबंध दिवाणखाना असा सजवला, वर स्वतःला फ्रॉकही त्यातलाच. ‘ती सोफ्यावर बसली की दिसेनाशी होते,’ मावशीनं लिहिलं, ‘बोलली की कळतं, आहे.’ पण मावशीनंही पडदे घेतलेच. आणि मायलेकींना एकाच कापडाचे फ्रॉक मिळतात म्हटल्यावर तिनं लेकीलाही सोडलं नाही. माझी मावसबहीण १९७२ चा जन्म. आठ वर्षांची असतानाचा तिचा एक फोटो आमच्याकडे आहे. त्यात मावशी आणि ती, एकाच पुस्तकाच्या ग्रंथालय आवृत्तीसारखी आणि खिशात मावणाऱ्या आवृत्तीसारखी उभी आहेत. मोठी हसते आहे.

१९८५ च्या सप्टेंबरात साठावा वाढदिवस झाल्यावर दहाच दिवसांनी लॉरा ॲशली गेली. मुलीच्या घरी जिन्यावरून पडण्याचं निमित्त झालं. तोवर जगभर दोनशेच्या वर दुकानं झाली होती. मावशीनं कळवलं, ‘मी खूप रडले. हे म्हणाले, तुझं काय नातं? मी म्हटलं, माझी शिंपीण होती.’ दोन महिन्यांनी कंपनीचे शेअर विक्रीला निघाले. काकांनी अर्ज केला. अर्ज इतक्या पटींनी जास्त आले, की काकांच्या वाट्याला एकही शेअर आला नाही. काका वर्षभर हळहळले. पुढे त्या शेअरांचा भाव जसजसा पडत गेला, तसतसे ते स्वतःच्या दूरदृष्टीचं कौतुक करू लागले.

भाव का पडला? जाणकार सांगतात, दुकानं फार झाली, कारभारी सारखे बदलले, खर्च वाढला. ते असेलच. पण खरी गोष्ट अशी, की त्या मायलेकींच्या फोटोतली लहान आवृत्ती मोठी झाली. माझी मावसबहीण वकील झाली आणि काळ्याशिवाय दुसरा रंग घालीना. तिच्या बरोबरच्या सगळ्याच मुली कचेऱ्यांत पुरुषांच्या बरोबरीनं बसायला निघालेल्या; त्यांना खांदे भक्कम दिसणारे कोट हवे होते. मनगटाशी चुण्या घालून कोण पगारवाढ मागणार? आणि १९९६ साली आयकिया या स्वीडिश फर्निचरवाल्यांनी इंग्लंडात एक जाहिरात काढली. तुमचं ते चीट फेकून द्या, असं बायकांना गाण्यातून बजावणारी. जाहिरातीत बायका फुलाफुलांचे पडदे नि अभ्रे कचऱ्यात भिरकावतात. पूर्वी तेजाब टाकावं लागलं, कायदे करावे लागले, दंड बसवावा लागला. आता एका गाण्यात काम झालं.

१९९७ साली मी पंधरा दिवस मावशीकडे राहिले होते. दिवाणखान्यात पडदे तेच. शनिवारी मावसबहीण आली आणि चहा घेता घेता पडद्यांकडे पाहून म्हणाली, “आई, आता तरी काढ ना हे.” मावशी म्हणाली, “का? चांगले आहेत. रंग गेलेला नाही.” बोलता बोलता गाडी फ्रॉकांवर आली. मावसबहीण मराठी बोलते, पण चिडली की जपून, एकेक शब्द शोधून. ती म्हणाली, “तुला तो फ्रॉक मिळाला आणि तू सुटलीस. मान्य. पण मला का घातलास? वर्गात मी एकटी सावळी. बाकीच्या जीन्समध्ये, आणि मी इंग्लंडच्या खेड्यातली गवळण. मुलं विचारायची, तुझ्या गाई कुठायत? तुला वाटायचं, आपण यांच्यातल्या दिसतो. कुणाला वाटत नव्हतं, आई.”

मावशी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मग काय परकर-पोलकं घालून पाठवायला हवं होतं शाळेत?”

आजी असती तर म्हणाली असती, दुसरं काय घातलं होतंस? पण आजी नव्हती, आणि मला ते बोलायचा धीर झाला नाही. मी उठून कपबश्या विसळल्या. पुसायचं फडकं अर्थातच फुलाफुलांचं होतं.

पुढचं झटपट सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं थोडं आहे. १९९८ साली कंपनी मलेशियातल्या एका उद्योगसमूहाच्या हातात गेली. कपडे मागे पडले. सोफे, दिवे, पडदे पुढे आले. कपडे शिवायचं काम स्वस्त मजुरीच्या देशांकडे गेलं आणि कार्नोचा कारखाना बंद झाला. कार्नो म्हणजे मुंबई नव्हे. तिथे एक गिरणी गेली तर दुसरी नसते. शिवणयंत्रावर ज्यांचे हात बसले होते त्या बायकांचं मत कुणी फारसं विचारलं नाही. गिऱ्हाइकाचं मत बदललं की दुकानाची कड वर-खाली होते. शिवणारीचं सबंध आयुष्य उसवतं. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या पहिल्या धक्क्यात कंपनीनं हात टेकले. मावशीचा फोन आला. आवाज बसलेला. “अगं, लॉरा ॲशली बुडालं.” मी विचारलं, तू शेवटचं काही कधी घेतलं होतंस? म्हणाली, “झाली की वीस-बावीस वर्षं. पण म्हणून काय बंद करायचं?” दुकानावर असं प्रेम करणारी माणसं भरपूर असतात. दुकान बुडतं ते त्यांच्यामुळेच.

नाव मात्र बुडालं नाही. ते एका अमेरिकी कंपनीनं विकत घेतलं, आणि २०२१ पासून नेक्स्ट या दुसऱ्या साखळीच्या दुकानांतून त्या नावाचा माल पुन्हा मिळू लागला. पण मौज ती नव्हे. मौज अशी, की माझ्या मावसबहिणीची मुलगी, मावशीची नात, वय वर्षं वीस, त्या टाळेबंदीत घरी बसून जुने, वापरलेले लॉरा ॲशली फ्रॉक शोधायला लागली. नवे नकोत, आजीच्या काळातलेच, आत ‘मेड इन वेल्स’ अशी चिंधी शिवलेले. तिच्या मैत्रिणीही तेच करतात. पावाला आंबवण घालायचं, कुंडीत पुदिना लावायचा आणि पायघोळ झगा घालून फोटो काढायचे. या जुन्या झग्यांना नव्या कपड्यांपेक्षा जास्त भाव पडतो. मावसबहिणीनं डोक्याला हात लावला. मावशी मात्र माळ्यावरची बॅग काढून एकेक झगा नातीच्या अंगाला लावून बघत बसली. नातीला ते बरोबर बसतात. आणि तिच्या वर्गात गाई कुठायत म्हणून कुणी विचारत नाही, कारण वर्गातल्या निम्म्या मुली सावळ्या आहेत आणि निम्म्यांनी तेच घातलंय.

बॅगेतले संपले तेव्हा तिला माझी आठवण झाली. मला व्हिडिओ कॉल. “मावशीआजी, तुझ्याकडे एक १९७४ चा होता ना? ब्राऊन? आजी म्हणाली.”

होता. मी लग्न होऊन सासरी गेले आणि तो माहेरीच राहिला. आजीच्या हाती लागला. आजी कापड वाया जाऊ देणाऱ्यांतली नव्हती. तिनं तो उसवला, धुतला, आणि स्वतःच्या जुन्या परकरांचे उरलेले तुकडे, आईच्या झंपराच्या चिंध्या, असं सगळं जोडून त्याची गोधडी केली. म्हणजे लॉराबाई ज्यासाठी बाजारभर हिंडल्या, ती वस्तू. ती अजून माझ्याकडे आहे, आणि दर मे महिन्यात उन्हात पडते.

मी फोन घेऊन गच्चीवर गेले आणि तिला गोधडी दाखवली. ती किंचाळलीच. मग म्हणाली, “यातला तुझा फ्रॉक कुठला?” मी चष्मा लावून पाहिलं. तपकिरी जमीन, पांढरी बारीक फुलं असे तुकडे पाचसहा ठिकाणी होते. काही आजीच्या परकराचे असणार, काही वेल्सचे. रंग दोन्हींचा पक्का. मी बोट फिरवत एका तुकड्यावर ठेवलं आणि म्हटलं, हा असावा. ती म्हणाली, नाही, तो शेजारचा. मग तिनं तिकडून आणखी एक दाखवला. दहा मिनिटं आमचं हे चाललं होतं. खालून दूधवाल्यानं हाक मारली.

“मावशीआजी,” ती म्हणाली, “मला देशील? मी याचं जॅकेट शिवीन.”

मी म्हटलं, वाळू दे आधी.